औषधाच्या ट्रायलच्या कागदावर सही करण्याआधी: पेशंटने आणि घरच्यांनी काय काय बघायचं, काय काय विचारायचं

घरात मोठं आजारपण आलंय, परळ-सायनला किंवा कुठल्या तरी मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात ट्रीटमेंट चालू आहे, आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात की एक नवीन स्टडी चालू आहे, तुमचा पेशंट त्यात बसतोय, विचार करा. मग स्टडीचं रोजचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडम येतात, पानांचा एक जाड गठ्ठा हातात ठेवतात, शेवटी सहीची जागा. बहुतेक जण शेवटचं पानच आधी उघडतात. त्या गठ्ठ्याचं नेमकं काय करायचं, कुठून सुरुवात करायची, हे नीट एका जागी मराठीत सापडत नाही म्हणून लिहितेय.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायल तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसते. असा मेंबर असायलाच लागतो, २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत तसं लिहिलंय: कमिटीत किमान ७ जण, त्यातले निदान अर्धे त्या हॉस्पिटलच्या बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य माणूस, आणि बाई असणं सक्तीचं. आमचं काम म्हणजे हेच गठ्ठे वाचायचे आणि विचारायचं की हे डोंबिवलीहून लोकलने लटकत आलेल्या माणसाला कळेल का. मी ट्रायलच्या विरोधात अजिबात नाहीये. आज जी केमो, जी टीबीची औषधं, ज्या लसी आपण बिनधास्त घेतो, त्या सगळ्या कधीतरी कोणीतरी ट्रायलमध्ये घेतल्या म्हणूनच आपल्यापर्यंत आल्या. हो म्हणा किंवा नाही म्हणा, दोन्ही बरोबर असू शकतं. फक्त ते उत्तर पेशंटचं स्वतःचं असलं पाहिजे, एवढ्याचसाठी पुढचं सगळं.

आधी हे विचारा: ही ट्रीटमेंट आहे की संशोधन?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि तो डॉक्टर मुद्दाम करतात असं नाही. आपले नेहमीचे डॉक्टर समोर बसलेत, दोन वर्षं आपण त्यांच्याकडे जातोय, ते म्हणतात "चांगलं औषध आहे", आपल्याला वाटतं चला, आपल्यासाठी काहीतरी खास शोधून काढलंय. पण ट्रायलचा पहिला हेतू तुमच्या बाबांना बरं करणं हा नसतो, ते औषध खरंच चालतं का आणि कितपत सुरक्षित आहे हे शोधणं हा असतो. बाबांना फायदा होऊ शकतो, होणारही नाही, कोणालाच आधी माहीत नसतं, माहीत असतं तर ट्रायलची गरजच नव्हती.

याचा रोजच्या गोष्टींवर काय परिणाम होतो ते समजून घ्या. साध्या ट्रीटमेंटमध्ये डॉक्टर तुमची तब्येत बघून गोळी बदलतात, डोस कमी-जास्त करतात, दुसरं औषध जोडतात. ट्रायलमध्ये बरंचसं प्रोटोकॉल ठरवतो, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला प्लॅन, आणि तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो. कित्येकदा डॉक्टरांनाही माहीत नसतं की तुमच्या बाटलीत नवीन औषध आहे की जुनं.

डॉक्टरांची इथे खरोखर ओढाताण असते. एकीकडे ते तुमचे डॉक्टर, दुसरीकडे त्या स्टडीचे इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे ती चालवणारे संशोधक, ज्यांना ठरलेल्या मुदतीत ठरलेले पेशंट भरायचेत, आणि कंपनीची स्टडी असेल तर दर पेशंटमागे हॉस्पिटलला किंवा डिपार्टमेंटला पैसे येतात. यात बेकायदेशीर काही नाही, तो करार एथिक्स कमिटीसमोर येतो, पण तुम्हाला विचारायचा हक्क आहे. सरळ विचारा, "डॉक्टर, तुम्ही स्टडीत नसता तर आमच्या पेशंटला काय सल्ला दिला असता?" चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत, थोडं थांबून खरं उत्तर देतात. आणि तरी मन निश्चिंत झालं नाही तर त्याच विषयातल्या, पण त्या स्टडीशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवा. आपला फॅमिली डॉक्टर असला तरी चालेल, तो निदान भीडभाड न ठेवता बोलेल.

फेज कुठली तेही लगेच विचारून घ्या. फेज १ म्हणजे थोड्याच लोकांवर, मुख्यतः डोस आणि सुरक्षितता बघायला. फेज २ मध्ये त्या आजाराच्या पेशंटवर परिणाम दिसतोय का ते बघतात. फेज ३ म्हणजे जास्त लोक, चालू उपचाराशी तुलना. फेज ४ औषध बाजारात आल्यानंतरचं. फेज १ ला "यांना याने बरं वाटेल" ही आशा जवळजवळ ठेवूच नका.

पेशंटला आजार माहीत आहे का?

यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नसतो.

आपल्या घरांमध्ये कॅन्सर म्हटलं की पहिलं वाक्य "बाबांना सांगू नका." मुलगा ओपीडीच्या बाहेर डॉक्टरांना गाठतो, फाईल स्वतःच्या पिशवीत ठेवतो, बाबांना सांगितलेलं असतं की छातीत पाणी झालंय, किंवा गाठ आहे पण साधी आहे. यामागे प्रेमच असतं, बाबा खचतील, जेवण सोडतील ही भीती खरी असते. नेहमीच्या ट्रीटमेंटमध्ये हे खोटं कसंबसं निभावून जातं, डॉक्टरही घरच्यांकडे बघून गप्प राहतात. पण ट्रायलमध्ये हे चालू शकत नाही. त्या गठ्ठ्यातल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावरच आजाराचं नाव असतं. शुद्धीवर असलेल्या, विचार करू शकणाऱ्या सज्ञान माणसाच्या जागी त्याच्या मुलाने सही करणं नियमात बसत नाही. घरच्यांची सही चालते ती पेशंट बेशुद्ध असेल किंवा स्वतः समजून ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हाच.

मग घरचे काय करतात, तर "आम्ही समजावलंय त्यांना, तुम्ही फक्त सही घ्या" म्हणतात. बाबा चष्मा न लावता सही करतात. कागदावर सगळं व्यवस्थित, आणि ज्याच्या शरीरावर प्रयोग होणार त्यालाच काही माहीत नाही. ही संमती नाही. आणि व्यवहारातही हे उलटतं, कारण ट्रायलमध्ये दर व्हिजिटला प्रश्न विचारले जातात, जास्तीचे स्कॅन होतात, कधी परत बायोप्सी लागते, आणि बाबांना कळत नाही की साध्या गाठीसाठी हे सगळं का चाललंय. ते वैतागतात, मधेच सोडतात, किंवा त्रास होत असून सांगत नाहीत कारण आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही.

तर करायचं काय? एकदम सगळं सांगायची जबरदस्ती कोणी करत नाहीये. आधी पेशंटलाच विचारा, "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? डॉक्टरांशी तुम्ही बोलाल की आम्ही?" या प्रश्नाचं उत्तर ऐकून घरचेच हबकतात, कारण पुष्कळदा पेशंटला केव्हाच कळून चुकलेलं असतं, फक्त मुलांना वाईट वाटू नये म्हणून तो गप्प असतो. ज्या वॉर्डात पडलोय त्याच्या दारावरची पाटी त्यालाही वाचता येते. डॉक्टरांना म्हणा की पेशंटसमोर, बसून, थोडं थोडं सांगा, आणि सोशल वर्कर किंवा समुपदेशक सोबत असू द्या, मोठ्या हॉस्पिटलांत ते असतात. आणि पेशंट स्पष्टपणे म्हणाला की मला काहीच ऐकायचं नाही, तुम्ही बघा काय ते, तर त्याच्या त्या इच्छेचा मान ठेवून नेहमीची ट्रीटमेंट चालू ठेवा. ट्रायल त्याच्यासाठी नाही. हे थोडं कडक वाटेल पण माझं मत पक्कं आहे.

बायकांच्या बाबतीत याचाच दुसरा प्रकार दिसतो. "ह्यांना विचारून सांगते" किंवा सासूबाई सांगतील तसं. विचारा ना घरी, जरूर विचारा, पण सही तिची, निर्णय तिचा. नवऱ्याने तिच्या वतीने हो म्हणून चालत नाही, आणि तिने नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन पटवायचं हेही चालत नाही.

नाही म्हटलं तर काय मिळेल?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि संमती खरी आहे की मजबुरी आहे ते इथेच ठरतं. महागडं औषध परवडत नाही म्हणून ट्रायलला हो म्हणणारे खूप जण आहेत. त्यांना मी दोष देणार नाही, ट्रायलमध्ये औषध फुकट, तपासण्या फुकट. पण आधी बाकीचे दरवाजे ठोठावून बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा आजार आणि हा उपचार बसतो का, रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे जा. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, सोशल वर्करला तेच नाव घेऊन विचारा. ट्रस्टांकडून मदत मिळते, त्यांचीही यादी सोशल वर्करकडे असते. हे सगळं करूनही ट्रायलच बरी वाटली तर मग निर्णय तुमचा.

"ट्रायल घेतली नाही तर इथे बेड मिळणार नाही" असं कोणी सुचवलं, अगदी गोड बोलून सुचवलं, तरी ते चुकीचं आहे. नकार दिला म्हणून चालू उपचारांवर परिणाम होणार नाही हे वाक्य तुमच्याच फॉर्ममध्ये छापलेलं असतं, शोधून बोट ठेवून दाखवा.

कोणाला नाही म्हणणं अवघड जातं हा प्रश्न मुंबईत तरी फार जुना आहे. १८९६ ला प्लेग आला, हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, ही त्या माणसाची हिंमतच. पण त्यानंतर लस दिली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वतःहून पुढे आले अशी नोंद आहे. लस उपयोगी ठरली, असंख्य जीव वाचले, तरी तुरुंगातला माणूस किती मोकळेपणाने हो म्हणू शकतो हा प्रश्न उरतोच. आज नियमांत कैदी, लहान मुलं, गरीब, हॉस्पिटलचाच स्टाफ, मेडिकलचे विद्यार्थी यांच्यासाठी जास्तीची काळजी सांगितलीय ती त्यासाठीच. तुम्ही त्याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय किंवा आयाबाई असाल आणि तुमचेच साहेब विचारत असतील, तर सांगा की मला कमिटीतल्या कोणाशी तरी बोलायचंय.

गठ्ठा घरी आणा आणि असा वाचा

"आत्ताच सही करा, स्लॉट जाईल" याला बळी पडू नका. विचार करायला पुरेसा वेळ देणं हा संमतीचा भागच आहे. इमर्जन्सीच्या काही स्टडी सोडल्या तर एक रात्र मिळतेच, मागा.

पहिली गोष्ट म्हणजे भाषा. तुम्हाला मराठी वाचता येत असेल तर मराठीच प्रत मागा, ती कमिटीने मंजूर केलेली असते, प्रत्येक पानाखाली व्हर्जन नंबर आणि तारीख असते. कोणीतरी घाईत इंग्रजी प्रत देऊन तोंडी सांगत असेल तर थांबवा. मराठी प्रत जड असते हे मला मान्य आहे, आम्ही कमिटीत यावर दर वेळी भांडतो, तरीही वाचा आणि जे वाक्य कळलं नाही त्याच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. खुणा किती झाल्या याची लाज नको.

मग हे शोधा: दुसऱ्या ग्रुपला काय मिळणार? लोक फक्त नवीन औषधाबद्दल विचारतात आणि हे राहूनच जातं. दुसऱ्या ग्रुपला आत्ता सगळ्यांना मिळतो तो उपचार मिळणार असेल तर ठीक. प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळणार असेल तर विचारा की चालू उपचारासोबत मिळणार की त्याच्याऐवजी. सोबत असेल तर सहसा हरकत नसते. ऐवजी असेल, आणि आजारावर चांगला उपचार आधीच उपलब्ध असेल, तर माझ्या मते उठून यावं.

हे मी उगाच ताणत नाहीये. मुंबईतच यावर मोठा वाद झालाय. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून साधी तपासणी करायच्या, उरलेल्या वस्त्यांमध्ये तपासणी नाही, फक्त कॅन्सरची माहिती आणि लक्षणं दिसली तर कुठे जायचं ते सांगायचे. २०१३ साली निष्कर्ष आला की तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त, कुठेही करता येण्यासारखी तपासणी, गरीब देशांसाठी फार मोठी गोष्ट. पण टीका अशीही झाली की तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीपासून माहीत असताना अर्ध्या बायकांना तशाच का ठेवल्या. संशोधकांचं म्हणणं, तेव्हा आपल्याकडे अशा बायकांसाठी कुठलाच तपासणी कार्यक्रम नव्हता, म्हणजे जे सगळ्यांना मिळत होतं तेच दुसऱ्या गटाला मिळालं. मला दोन्ही बाजू कळतात. माझा कल मात्र टीका करणाऱ्यांकडे आहे, कारण "आपल्याकडे तसंही काही मिळत नाही" हे गरिबाच्या बाबतीत कायमच खरं असतं आणि मग त्या आधारावर काहीही योग्य ठरवता येतं. तुमच्या हातातल्या कागदाला हाच प्रश्न लावा.

बाकी वाचताना बघायचं: एकूण व्हिजिट किती, त्यातल्या नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा जास्तीच्या किती, रक्त किती वेळा आणि किती काढणार, बायोप्सी परत आहे का. कसाऱ्याहून परळला केमोनंतर पेशंट घेऊन येणं काय असतं ते फॉर्म लिहिणाऱ्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. उरलेलं रक्त किंवा गाठीचा तुकडा पुढच्या संशोधनासाठी ठेवणार का, परदेशात पाठवणार का, याला वेगळी संमती लागते, त्याला नाही म्हणूनही मुख्य ट्रायलमध्ये राहता येतं की नाही ते विचारा. गर्भधारणा टाळायची अट असते, तरुण पेशंट असेल तर नवरा-बायको दोघांनी ते पान वाचावं.

आणि नॉमिनीचा रकाना! पेशंटचं वय, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता, हे लिहायला जागा असते आणि लोक ती रिकामी ठेवतात किंवा कोऑर्डिनेटर भरते. उद्या काही वाईट घडलं तर भरपाई याच नावावर येते. स्वतः भरा.

ट्रायल रजिस्टर आहे का ते घरबसल्या बघा

सीटीआरआय ही भारताची ट्रायल रजिस्ट्री, आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २००७ साली सुरू केली, २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे. फॉर्मवर सीटीआरआयने सुरू होणारा नंबर असतो, पुढे वर्ष, महिना आणि आकडे. नसेल तर मागा. वेबसाईटवर जाऊन तो नंबर टाका, सगळं इंग्रजीत आहे, कॉलेजातल्या भाचीला बसवा सोबत. तिथे बघायचं इतकंच: तुमच्या हॉस्पिटलचं आणि तुमच्या डॉक्टरांचं नाव यादीत आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी "अप्रूव्ह्ड" दिसतेय का, नवीन औषध असेल तर डीसीजीआयची, म्हणजे देशाच्या औषध नियंत्रकांची, परवानगी आहे का, पैसे कोण देतंय, आणि दुसऱ्या ग्रुपला काय देणार म्हणून लिहिलंय. तिथलं आणि तुमच्या फॉर्मवरचं जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर सही थांबवा आणि विचारा, कधी कधी साधं कारण निघतं.

म्युनिसिपल हॉस्पिटलांत रेसिडेंट डॉक्टरांचे एमडीच्या थीसिससाठीचे अभ्यास पुष्कळ असतात, बऱ्याचदा नुसती प्रश्नावली किंवा एक जास्तीची रक्ततपासणी. त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं, पण तिथेही कमिटीची मंजुरी आणि तुमची संमती लागतेच, आणि काही झालं तर भरपाई कोण देणार हे जास्त स्पष्ट विचारून घ्यावं लागतं कारण मागे कंपनी नसते.

पैशाचं

येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळणं योग्यच आहे, मागायला लाजू नका. ट्रायलसाठीचं औषध किंवा ट्रायलसाठीची तपासणी याचं बिल तुमच्यावर येता कामा नये. पण रक्कम इतकी मोठी असेल की धोका दिसूनही माणूस हो म्हणेल, तर तिथे गडबड आहे. निरोगी लोकांना पैसे देऊन होणाऱ्या औषधचाचण्यांत हा मोह जास्त असतो, बेकार पोरं एका ठिकाणचं रक्त देऊन झालं की लगेच दुसऱ्या ठिकाणी नाव लपवून जातात. घरात असं कोणी करत असेल तर ओरडण्यापेक्षा एवढं समजवा की दोन औषधं शरीरात एकमेकांशी काय करतील ते कोणीच तपासलेलं नसतं.

सहीच्या दिवशी

पेन्सिलच्या खुणा घेऊन जा, एकेक विचारा. मग तुम्ही डॉक्टरांना तुमच्या शब्दांत सांगा की काय होणार आहे, आणि बरोबर आहे का ते त्यांना विचारा. संमती कळून दिली की नाही हे तपासायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

पेशंटला वाचता येत नसेल तर सगळं समजावताना पूर्ण वेळ एक निःपक्षपाती साक्षीदार हजर लागतो, जो त्या स्टडीच्या टीममधला नाही, आणि तोही सही करतो. नंतर बाहेरून कोणाला तरी बोलावून सही घेणं म्हणजे साक्षीदार नव्हे. अगदी नवीन औषधाची ट्रायल असेल आणि पेशंट वर सांगितलेल्या दुर्बल गटांतला (कैदी, गरीब वगैरे) असेल तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला लागतं. कॅमेरा बघून बावरू नका, ते तुमच्याच संरक्षणासाठी आहे, त्यात मोकळेपणाने प्रश्न विचारा.

लहान मुलांसाठी आई-वडिलांची संमती, पण मुलालाही विचारायचं असतं: साधारण ७ ते १२ वयाला तोंडी, १२ ते १८ ला लेखी. शाळेच्या किंवा होस्टेलच्या बाईंनी परस्पर सही करायची नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) देण्याच्या प्रकल्पात हेच झालं होतं, कित्येक मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. काही मुलींचे मृत्यू झाले होते, चौकशीत त्यांचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमतीतले दोष सरळ समोर आले आणि एका उपयोगी लसीबद्दल लोकांच्या मनात उगाच संशय बसला.

पेशंट आयसीयूत बेशुद्ध आहे आणि तुम्ही त्यांच्या वतीने सही करताय, तर प्रश्न "मला काय वाटतं" असा नसतो, "शुद्धीवर असते तर काय म्हणाले असते" असा असतो. आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना परत विचारायला लागतं, ते नाही म्हणाले तर नाही.

सही झाली की माहितीपत्रक आणि सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे आलीच पाहिजे. ती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. फोटोही काढून ठेवा.

नंतर त्रास झाला तर

इन्व्हेस्टिगेटरचा आणि कोऑर्डिनेटरचा नंबर घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये हवा, आणि पेशंटच्या पाकिटात एक चिठ्ठी की हा माणूस अमुक ट्रायलमध्ये आहे. रात्री बदलापूरला काही झालं आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं तर तिथल्या डॉक्टरला हे पहिलं सांगा. खरंच जीवावर बेतलं तर कुठलं औषध चालू आहे ते गुपित उघडायची सोय असते.

ॲडमिट करावं लागलं, जीवाला धोका झाला, कायमचं अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला, तर इन्व्हेस्टिगेटरने २४ तासांच्या आत सीडीएससीओला (केंद्र सरकारचं औषध नियंत्रण खातं), स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. तुम्ही फोनवर सांगितलं असेल तरी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर परत लिहा, तारीख-वेळ राहते. इलाज फुकट मिळायला हवा, जोपर्यंत गरज आहे तोपर्यंत किंवा हा त्रास ट्रायलमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. "आधी तुम्ही भरा, मग बघू" असं बिलिंगवाले म्हणाले तर लगेच कमिटीला फोन.

ट्रायलमुळे इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाई ठरवायचं सूत्र आहे: ८ लाख हा पाया, त्याला वयाचा आणि आजाराच्या गंभीरतेचा गुणक. मृत्यूच्या बाबतीत साधारण ४ लाखांपासून ७३ लाखांच्या पुढेपर्यंत रक्कम जाऊ शकते, वय कमी आणि माणूस मुळात धडधाकट तेवढी जास्त. ज्या पेशंटला ३० दिवसांत मृत्यूचा धोका ९० टक्के किंवा जास्त होता त्यांच्यासाठी २ लाख ठरलेले आहेत. फक्त औषधाच्या दुष्परिणामालाच भरपाई असते असा समज आहे, तसं नाही. प्रोटोकॉल मोडल्यामुळे, हलगर्जीमुळे, प्लासिबोच्या ट्रायलमध्ये द्यायला हवा तो नेहमीचा उपचार न दिल्यामुळे, ट्रायलसाठी केलेल्या तपासणीमुळे इजा झाली तरी ती मिळते. मृत्यू किंवा इजा झाल्यावर घरचे हॉस्पिटलच्या फेऱ्या मारायला तयार नसतात हे कळतं, तरी भाऊ, मेहुणा कोणीतरी एकाने कमिटीकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर पोच घ्यावी.

मधेच सोडायचं असेल

कधीही, कारण न देता सोडता येतं. फक्त गोळ्या एकदम बंद करू नका, काही औषधं हळूहळू कमी करायला लागतात, म्हणून सांगून सोडा. सोडल्यावर पुढची ट्रीटमेंट कोण करणार हे लिहून मागा, आणि उरलेले नमुने नष्ट करा असं सांगायचं असेल तर तेही तेव्हाच.

मधल्या काळात औषधाबद्दल नवीन काही कळलं, नवा दुष्परिणाम सापडला, तर तुम्हाला सांगून सुधारलेल्या फॉर्मवर परत सही घ्यायला लागते. ही दुसरी सही लोक न वाचता करतात. कृपया वाचा, बदल कुठे झालाय ते विचारा.

तक्रार कुठे

फॉर्मच्या शेवटी एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरीचं नाव आणि फोन असतो. तो नंबर शोभेला नाहीये. मराठीत बोललात तरी चालतं, साध्या कागदावर हाताने लिहून दिलंत तरी चालतं, आणि तक्रार केली म्हणून ट्रीटमेंट थांबवता येत नाही. आमच्याकडे पेशंटचे फोन फार कमी येतात, आणि ते सगळं आलबेल आहे म्हणून असं मला तरी वाटत नाही. कमिटीने दाद दिली नाही तर सीडीएससीओचं पश्चिम विभागाचं ऑफिस मुंबई सेंट्रलला बेलासिस रोडवर जीएमएसडी कंपाउंडमध्ये आहे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल.

एक शेवटचं, जे सहीच्या आधीच विचारायला हवं पण कोणी विचारत नाही: ट्रायल संपल्यावर काय? औषधाने बाबांना बरं वाटतंय आणि स्टडी बंद झाली, तर गोळ्या कुठून आणायच्या? दुसरा उपचार उपलब्ध नसेल आणि या औषधाने फायदा होतोय असं इन्व्हेस्टिगेटरने सुचवून कमिटीने मान्य केलं, तर स्पॉन्सरने ते पुढेही फुकट द्यावं अशी तरतूद नियमांत आहे, त्यासाठी पेशंटकडून लेखी लिहून घेतात. आपोआप काही होत नाही. शेवटच्या व्हिजिटच्या महिनाभर आधीच डॉक्टरांकडे हा विषय काढा, आणि अर्ज गेला का, कुठल्या तारखेच्या मीटिंगला येणार, ते विचारून ठेवा.